सामाजिक उद्देशाने व्यवसाय उभारताना: पैसे कोण देणार, इथपासून सुरुवात

सामाजिक उद्देशाच्या व्यवसायाची व्याख्या देशोदेशी वेगवेगळी केली जाते. या लेखापुरता अर्थ असा घ्यावा: ज्या कामामुळे समाजातील एखादा प्रश्न कमी होतो, त्याच कामाच्या विक्रीतून ज्याचा सगळा किंवा निदान मोठा खर्च भागतो, असा व्यवसाय. एखादा कारखानदार नफ्यातून शाळेला देणगी देतो, हे चांगलेच आहे. परंतु त्याचा कारखाना या अर्थात बसत नाही. केवळ देणग्यांवर चालणारी संस्थाही त्यात बसत नाही. नेहमीच्या दुकानात माल वापरणारा आणि पैसे मोजणारा माणूस बहुधा एकच असतो, त्यामुळे माल नावडला तर दुकानदाराला ते गल्ल्यावरूनच समजते. सामाजिक व्यवसायात पुष्कळदा पैसे एक जण देतो आणि लाभ दुसऱ्यालाच व्हायचा असतो. नवख्यांच्या बऱ्याच अडचणी या फटीतून निर्माण होतात, आणि म्हणून पुढील पायऱ्यांवर ‘पैसे कोण देणार आणि का देणार’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल.

पायरी १: प्रश्न आणि आजचा पर्याय समजून घ्या

‘ग्रामीण आरोग्य सुधारणे’ किंवा ‘महिलांचे सक्षमीकरण’ यांसारखे उद्देश अहवालात शोभतात, पण त्यांच्यावर व्यवसाय उभा राहत नाही. कोणत्या लोकांची, कोणती अडचण, किती काळात, किती कमी करायची आहे हे दोन-तीन वाक्यांत लिहिता आले पाहिजे. त्यानंतर ते लोक आज त्या अडचणीतून कसा मार्ग काढतात ते पाहावे, कारण प्रत्येक अडचणीवर काही ना काही पर्याय अगोदरपासून चालू असतोच. ज्यांच्या घरी वीज नाही ते दिव्यासाठी रॉकेल विकत घेतात. ज्यांना बँक दारात उभी करत नाही ते सावकाराकडे जातात. या पर्यायावर लोक किती पैसा आणि किती वेळ घालवतात, त्यातले त्यांना काय सोयीचे वाटते आणि काय जाचक वाटते, याची नोंद करा. तुमची खरी स्पर्धा त्या पर्यायाशी असते.

ही माहिती केवळ प्रश्नावली भरून मिळत नाही. ‘ही वस्तू मिळाली तर घ्याल का?’ असे विचारले की बहुतेक लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी मागच्या महिन्यात प्रत्यक्ष काय केले, शेवटचे पैसे कशावर आणि कोणाच्या सल्ल्याने खर्च झाले, घरात निर्णय कोण घेते, असे घडून गेलेल्या गोष्टींविषयीचे प्रश्न विचारावेत. पंचवीस-तीस घरांत असे बोलणे झाले की चित्र बरेच स्पष्ट होते.

ही पायरी घाईने उरकल्यास काय होते, याचे उदाहरण म्हणून आफ्रिकेच्या दक्षिण भागातील ‘प्लेपंप’चा अनुभव पाहण्यासारखा आहे. मुलांच्या खेळण्याचा चक्रपाळणा पंपाला जोडायचा, मुले खेळतील तसतसे पाणी उंच टाकीत चढेल, आणि टाकीच्या बाजूंवर जाहिराती लावून देखभालीचा खर्च भागवायचा, अशी ती कल्पना होती. २००६ मध्ये तिला अमेरिकेतून मोठ्या निधीची घोषणा झाली आणि हजारो पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठरले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मुलांचा उत्साह ओसरला आणि ते जड चक्र बायकांनाच हाताने फिरवावे लागले. साधा हातपंप त्यांना अधिक सोयीचा होता आणि तो पुष्कळ स्वस्तही होता. दूरच्या गावांत जाहिरातदार मिळेनात, त्यामुळे दुरुस्तीचा पैसाही आटला. पाणी भरणाऱ्या बाईला कोणी पुरेसे विचारले नव्हते, आणि ज्याने पैसे द्यायचे त्या जाहिरातदाराला त्या बाईशी काही देणेघेणे नव्हते.

पायरी २: ग्राहक आणि लाभार्थी यांचे नाते ठरवा

हे नाते ढोबळमानाने चार प्रकारचे असते. तुमचा व्यवसाय त्यातला कोणता, हे पहिल्याच महिन्यात कागदावर लिहून ठेवा, कारण किंमत, भांडवल, कायदेशीर रूप आणि हिशेब हे सगळे त्यावरून ठरते.

सगळ्यांत सरळ प्रकार म्हणजे लाभार्थी हाच ग्राहक असणे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ जणांनी आपल्यापुरते भांडवल गोळा करून भेसळ नसलेल्या जिनसांचे दुकान काढले आणि उरलेला नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत दिला. तेथे ग्राहक, मालक आणि लाभार्थी एकच होते, म्हणून वजनात मारणे म्हणजे स्वतःलाच फसवणे ठरले असते. आजच्या सहकारी चळवळीची बरीच तत्त्वे त्या दुकानापर्यंत मागे नेता येतात. लाभार्थ्याकडे थोडी का होईना खर्च करण्याची ताकद असेल, तर प्रथम हाच मार्ग तपासावा.

दुसऱ्या प्रकारात ऐपत असलेल्या ग्राहकाच्या पैशातून ऐपत नसलेल्याची सोय होते. मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, ११ खाटांवर सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय हे याचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण. काही रुग्ण पूर्ण शुल्क देतात आणि कित्येकांवर मोफत किंवा अत्यल्प खर्चात शस्त्रक्रिया होते. हे उदाहरण ऐकून अनेक नवखे लोक ‘श्रीमंतांकडून जास्त घेऊ, गरिबांना फुकट देऊ’ एवढाच धडा घेतात, आणि तेथेच फसतात. अरविंदचे गणित जमले ते मुख्यतः खर्च खाली आणल्यामुळे. एका टेबलावरील शस्त्रक्रिया संपेपर्यंत शेजारच्या टेबलावर पुढच्या रुग्णाची तयारी झालेली असते, त्यामुळे शल्यचिकित्सकाचा वेळ वाया जात नाही. डोळ्यात बसवायची आयात केलेली भिंगे महाग पडत, म्हणून १९९२ पासून ‘ऑरोलॅब’ या स्वतःच्या संस्थेत भिंगे तयार होऊ लागली आणि त्यांची किंमत कित्येक पटींनी उतरली. शुल्क देणारा रुग्ण तेथे परोपकारासाठी जात नाही, डोळा नीट व्हावा म्हणून जातो. तुमच्या सेवेकडे ऐपतदार ग्राहक केवळ दयेपोटी येणार असेल, तर तो दुसऱ्यांदा येईल असे धरू नका. हा चारांपैकी सर्वांत अवघड प्रकार आहे असे माझे मत आहे, कारण त्यात एकाच छताखाली दोन बाजारपेठा सांभाळाव्या लागतात.

तिसऱ्या प्रकारात लाभार्थी हा कामगार, उत्पादक किंवा विक्रेता असतो आणि ग्राहक बाहेरचा असतो. लंडनमध्ये १९९१ साली सुरू झालेले ‘बिग इश्यू’ हे नियतकालिक बेघर लोक अंक विकत घेऊन रस्त्यावर विकतात आणि दोन किमतींतील फरक त्यांची कमाई असते. इटलीत १९९१ च्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांना मान्यता मिळाली. त्यांतील रोजगार देणाऱ्या संस्थांमध्ये किमान ३० टक्के कामगार अपंगत्व, व्यसनमुक्तीनंतरचा काळ, तुरुंगवास अशा कारणांनी रोजगारापासून दूर राहिलेले असावे लागतात. या प्रकारात माल बाजारात स्वतःच्या गुणांवर टिकला पाहिजे. कोणी बनवला ही गोष्ट पहिल्या खरेदीला मदत करते, पण टाका उसवला की तिचा उपयोग संपतो.

चौथ्या प्रकारात सरकार, विमा कंपनी किंवा मोठी कंपनी लाभार्थ्याच्या वतीने पैसे देते. यात एकदम मोठे काम हाती येते, पण देयके उशिरा मिळतात, आणि पैसे देणाऱ्याचे धोरण बदलले की लाभार्थी वाऱ्यावर पडतो. एकाच देणाऱ्याकडून निम्म्याहून अधिक उत्पन्न येत असेल, तर दुसरा शोधण्याचे काम त्याच दिवशी सुरू करावे.

पायरी ३: उद्देशाचा खर्च वेगळा मांडा

प्रत्येक सामाजिक व्यवसायात असा एक खर्च असतो जो नेहमीच्या स्पर्धकाला करावा लागत नाही. तो इतर खर्चांत मिसळून गेला, तर व्यवसाय तोट्यात का आहे हेच समजत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, कामाचा अनुभव नसलेल्या लोकांना रोजगार देण्यासाठी तुम्ही पिशव्या शिवण्याचा कारखाना काढला. पिशवीची विक्री किंमत १०० धरू. कापड, दोरा, बांधणी आणि वाहतूक यांचा खर्च ४५. सराईत कारागीर दिवसाला २० पिशव्या शिवतो आणि त्याची मजुरी ५००, म्हणजे पिशवीमागे २५. हातात उरतात ३०. भाडे, पर्यवेक्षकाचा पगार, वीज, हिशेबनीस असा महिन्याचा ठरलेला खर्च ३९,००० असेल, तर १,३०० पिशव्या विकल्यावर ना नफा ना तोटा ही स्थिती येते.

आता नवशिका माणूस त्याच मजुरीत दिवसाला १२ पिशव्या शिवतो असे धरा. पिशवीमागे मजुरी सुमारे ४२ पडते, उरतात १३, आणि ठरलेला खर्च भागवायला महिन्याला ३,००० पिशव्या विकाव्या लागतात. किंमत तीच, भाडे तेच, पण विक्री मात्र दुपटीहून अधिक हवी. पिशवीमागचे हे सुमारे १७ म्हणजे उद्देशाचा खर्च. ते ग्राहक वाढीव किमतीतून देणार का, प्रशिक्षणासाठीचे अनुदान त्यात बसेल का, सोप्या नमुन्याच्या पिशव्या निवडून वेग वाढवता येईल का, की सराईत कारागिरांच्या विक्रीतून ते भरून काढायचे, याचे उत्तर आकड्यांत लिहा. ‘हळूहळू जमेल’ हे उत्तर नव्हे; किती महिन्यांत वेग १२ वरून १६ वर येतो, हे मोजूनच सांगता येते.

लाभार्थी हाच ग्राहक असेल, तर किंमत ठरवताना एक समजूत तपासून घ्यावी. फुकट दिलेल्या वस्तूची लोकांना किंमत नसते, म्हणून थोडे तरी पैसे घ्यावेतच, असे पुष्कळदा सांगितले जाते. जेसिका कोहेन आणि पास्कलिन डुपास यांनी केनियात गरोदर स्त्रियांना कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन हे पडताळले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, फुकट मिळणाऱ्या मच्छरदाणीला ०.६० डॉलर एवढी किंमत लावताच मागणी ६० टक्क्यांनी घटली, आणि फुकट मिळालेल्या स्त्रियांनी ती कमी वापरली असेही आढळले नाही. यावरून सगळे फुकट द्यावे असा अर्थ निघत नाही. रोगप्रतिबंधासारख्या, ज्यांचा फायदा लगेच दिसत नाही अशा गोष्टींसाठी गरीब कुटुंब सहसा खिशात हात घालत नाही, एवढे मात्र ध्यानात घ्यावे. अशा वस्तूचा पैसा चौथ्या प्रकारच्या ग्राहकाकडून आणावा लागतो.

पायरी ४: लहान प्रयोग, आणि थांबण्याची अट आधीच

पूर्ण उभारणी करण्याआधी तीन ते सहा महिन्यांचा प्रयोग करा. त्यात खरी किंमत आकारा. ओळखीच्या लोकांनी कौतुकाने केलेली खरेदी वेगळी मोजा, कारण ती फसवी असते. प्रयोगाचा खर्च बुडाला तरी घर चालेल एवढाच ठेवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किती ग्राहक दुसऱ्यांदा परत आले नाहीत किंवा पिशवीमागचा खर्च किती खाली आला नाही तर हा मार्ग सोडायचा, हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून एखाद्या निःपक्षपाती परिचिताकडे ठेवा. चांगल्या हेतूने चाललेले काम थांबवणे मनाला फार जड जाते आणि माणूस कारणे शोधू लागतो.

पायरी ५: कायदेशीर रूप

या टप्प्यावर नवखे लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. प्रयोग संपेपर्यंत स्थानिक कायद्यात बसणारे साधे रूप पुरते. त्यानंतर तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: नफा वाटायचा आहे का, बाहेरचा गुंतवणूकदार लागणार आहे का, आणि संस्थापक नसतानाही उद्देश टिकला पाहिजे असे वाटते का.

नफा वाटायचाच नसेल, तर बहुतेक देशांत त्यासाठी वेगळे रूप असते. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनीला लाभांश वाटता येत नाही, मिळालेले सगळे उत्पन्न उद्देशासाठीच वापरावे लागते. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ स्थापन करता येते, आणि तिची मालमत्ता कायद्यानेच बांधलेली असल्याने ती विकून मालकांना पैसे वाटून घेता येत नाहीत. अमेरिकेत २०१० मध्ये मेरीलँड राज्याने सर्वप्रथम ‘बेनिफिट कॉर्पोरेशन’चा कायदा केला, त्यात नफा वाटता येतो, पण संचालकांना निर्णय घेताना समाज आणि पर्यावरण यांचाही विचार करावा लागतो. सभासद हेच लाभार्थी असतील, तर सहकारी संस्थेचे रूप अजूनही उत्तम. ‘बी कॉर्प’ हे खासगी प्रमाणपत्र आहे, कायदेशीर रूप नव्हे. ही गल्लत नेहमी होते.

कोणतेही रूप घेतले तरी नियमावलीत उद्देश नेमक्या शब्दांत लिहावा, तो बदलायला किती बहुमत लागेल ते ठरवावे, आणि संचालक मंडळात लाभार्थ्यांपैकी निदान दोघांना जागा द्यावी. एकटा प्रतिनिधी सहसा गप्प बसतो.

पायरी ६: पैसा आणि त्यासोबत येणारी अपेक्षा

अनुदान, कर्ज आणि भागभांडवल यांचा उपयोग वेगवेगळा आहे. अनुदान प्रयोगासाठी आणि उद्देशाच्या खर्चासाठी वापरावे, रोजच्या विक्रीतला तोटा झाकण्यासाठी नव्हे. कर्ज खेळत्या भांडवलासाठी आणि उत्पन्न देणाऱ्या यंत्रासाठी ठीक असते, मात्र परतफेडीचे वेळापत्रक विक्रीच्या हंगामाशी जुळले पाहिजे. भागभांडवल देणाऱ्याला एक दिवस आपला हिस्सा विकून बाहेर पडायचे असते. तो केव्हा आणि कोणाला विकणार, हे करारावर सही करण्याआधी विचारावे. गरिबांना लहान कर्जे देणाऱ्या बांगलादेशातील ‘ग्रामीण बँके’चे संस्थापक आणि २००६ च्या नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी मुहम्मद युनूस यांनी मांडलेल्या व्यवस्थेत गुंतवणूकदार फक्त मूळ रक्कम परत घेतो, वर काही घेत नाही. असे गुंतवणूकदार मोजकेच असतात, पण मागून पाहायला हरकत नाही.

अपेक्षा आणि उद्देश यांची दिशा वेगळी झाली की काय घडते, हे २०१० मध्ये आंध्र प्रदेशातील सूक्ष्म कर्जाच्या संकटात दिसले. गरिबांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी वेगाने कर्जे वाटली, एकेका कुटुंबावर अनेक कंपन्यांची कर्जे साचली, वसुलीच्या जबरदस्तीच्या तक्रारी वाढल्या, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढल्यावर वसुली जवळपास ठप्प झाली. तेथे कर्ज घेणारी बाई ग्राहकही होती आणि लाभार्थीही, म्हणजे वर सांगितलेला सर्वांत सरळ प्रकार. पण तिच्यापेक्षा भांडवल पुरवणाऱ्याचा शब्द वजनदार झाला.

पायरी ७: थोडे मोजा, पण खरे मोजा

किती लोकांना प्रशिक्षण दिले हा तुमच्या कामाचा आकडा झाला. सहा महिन्यांनी किती जण कामावर टिकले आणि त्यांची कमाई किती वाढली हा परिणामाचा आकडा. दोन परिणाम आणि दोन आर्थिक आकडे, असे चार पुरेत. तुम्ही नसता तरी त्यातले काय घडले असते, हेही स्वतःला विचारावे: प्रशिक्षण घेतलेल्यांसारख्याच परिस्थितीतल्या, पण प्रवेश न मिळालेल्या लोकांची वर्षाखेर काय स्थिती आहे, एवढे फोनवरून विचारले तरी बराच प्रकाश पडतो. नोंदी ठेवण्यात लाभार्थ्याचाही वेळ जातो, याचे भान असावे.

पायरी ८: पहिली दोन वर्षे

स्वतःला आणि सहकाऱ्यांना रीतसर पगार द्या, कमी असला तरी चालेल. फुकटच्या श्रमांवर काढलेली किंमत खोटी असते आणि ते श्रम संपले की व्यवसाय बसतो. महिन्याच्या ताळेबंदापेक्षा पुढील तेरा आठवड्यांत रोख पैसा कधी येणार आणि कधी जाणार, याचा तक्ता दर सोमवारी पाहा. नफ्यात असलेले व्यवसायसुद्धा उधारी थकल्यामुळे बंद पडतात.

खर्च अचानक वाढला तर काय करायचे, हेही ठरवून ठेवावे. बांगलादेशात २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रामीण डॅनोन’ने कुपोषित मुलांसाठी पोषणमूल्ये घातलेले दही स्वस्तात विकायला सुरुवात केली. २००८ च्या सुमारास दुधाचे भाव चढले, कंपनीने किंमत वाढवली आणि खेड्यांतील विक्री कोसळली. पुढे कमी वजनाचा आणि कमी किमतीचा कप काढण्यात आला, आणि शहरांतील विक्रीचा आधार घेण्यात आला. शहरी ग्राहकामुळे कारखाना चालू राहतो हे खरे, पण अशा वेळी उद्देशाचा आकडा, म्हणजे खेड्यातील किती मुलांपर्यंत माल पोहोचला, तो दर महिन्याला संचालकांसमोर ठेवला पाहिजे. अन्यथा पैसे देणारा ग्राहक व्यवसायाला आपल्याकडे ओढून घेतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणखी एक तरतूद सुरुवातीलाच करावी, जी फार थोडे लोक करतात. व्यवसाय बंद करावा लागला, तर लाभार्थ्यांचे काय होईल हे एका पानावर लिहून ठेवा: कामगारांची दोन महिन्यांची मजुरी कोणत्या खात्यात राखून ठेवली आहे, विकलेल्या वस्तूंची दुरुस्ती कोण करील, आगाऊ घेतलेले पैसे कसे परत जातील, आणि ज्यांची सेवा खंडित करता येत नाही अशा लोकांना कोणत्या संस्थेकडे सोपवायचे. त्या संस्थेशी तसे आधी बोलून तिची लेखी संमती घ्या आणि ते पान दरवर्षी हिशेब तपासणीच्या वेळी नव्याने लिहा.